टिलीच्या पडीतली पावलं

क्रोनटालमध्ये दुसऱ्याच्या बायकोकडे टक लावून बघितलं तर लोक एखाद्या वेळी काणाडोळा करतील, पण दुसऱ्याच्या पडीत पाय ठेवला तर नाही. वर्षभर न पेरता ठेवलेली ती जमीन म्हणजे तिथल्या माणसाची तिजोरी. त्या पठारावर पाऊस पडतो तो नाव सांगण्यापुरता. तेव्हा एक वर्ष पीक घ्यायचं, एक वर्ष जमीन पड ठेवून पाणी तिच्या पोटात साठवायचं, वर बारीक मातीचं पांघरूण घालायचं आणि सप्टेंबर उजाडला की ओल किती खोल गेली आहे ते बघून गहू पेरायचा. आपली ओल किती खोल आहे हे कोणी कोणाला सांगत नाही. विचारणं तर अगदीच असभ्य.

म्हणूनच झाडून सगळे पुरुष संध्याकाळी कुत्रं फिरवायच्या निमित्तानं दुसऱ्याच्या पडीत शिरतात. टाचेनं खड्डा करतात, आत हात घालून बघतात, खड्डा बुजवतात आणि घरी येऊन सज्जनासारखे प्रार्थना म्हणून जेवायला बसतात. त्यांचे पणजे रशियातली व्होल्गाकाठची गावं सोडून इथे अमेरिकेत आले तेव्हापासून हे चालू आहे, आणि आजवर एकही जण पकडला गेलेला नाही. जाणार कसा? वाऱ्यानं आणून टाकलेली ती माती, तिच्यात औषधाला खडा नाही. पिठासारखी मऊ. रात्री वारा सुटला की पाऊलही गेलं आणि खड्डाही गेला.

पण १९८०च्या त्या वर्षी मे महिन्यात पश्चिमेकडचा सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी डोंगर फुटला. भर दिवसा काळोख झाला, कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या आणि क्रोनटालवर चार बोटं राख पडली.

ती आवरता आवरता गावाची दमछाक झाली. धुळीत जन्म काढलेली माणसं ती, त्यांनी राखेलाही धूळच समजून झाडू मारला. राख उडाली आणि परत तिथेच बसली. मग चिडून पाण्याचा पाइप लावला, तर तिचा गिलावा झाला. शेवटी शेतातली राख तरी सगळ्यांनी नांगरून मातीत घालून टाकली. पांढरी पड म्हणजे अंगण न झाडलेलं घर. येणारेजाणारे गाडीतून बघतात, लोक काय म्हणतील!

एकट्या टिलीनं नांगरली नाही. तिचं खरं नाव ओटिलिया, पण त्या नावानं तिला फक्त पाद्री हाक मारायचे. तिचा नवरा थिओफिल मार्चमध्ये गेला होता. मेमध्ये राख पडली तेव्हा तिला वेणीफणीचंही भान नव्हतं, नांगर कुठला काढते? उन्हाळ्यात तण माजायला लागलं तेव्हा तिनं मातीच्या पोटातून लोखंडी दांडा फिरवून तणाची मुळं तेवढी तोडली. वरची राख जशीच्या तशी राहिली. गावानं तिच्या शेताला ‘टिलीचा उन्हाळी बर्फ’ म्हणायला सुरुवात केली.

तर ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी कॉफीचा मग घेऊन टिली शेताच्या कडेला गेली, आणि बघते तो काय, बर्फात पावलं.

राखेचा कण मातीसारखा गुळगुळीत नसतो, धारदार असतो. एकात एक अडकून बसतो. वाऱ्यानं थोडी राख उडाली होती, पण पावलं मात्र कशी छापून काढल्यासारखी स्पष्ट होती. बाहेरच्या बाजूनं झिजलेली टाच. ती टाच टिलीनं कैक वर्षं आपल्या स्वैपाकघराच्या फरशीवरून पुसली होती. तिचा दीर राइनहोल्ड! शिवाय शेजारी झाडूसारखे फराटे. म्हणजे जाताना गड्यानं रानझुडपाची फांदी मोडून पावलं पुसायचा प्रयत्न केला होता, आणि पावलं तर राहिलीच, वर फराटेही उमटले होते.

“अरे चोरा,” टिली म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण आधी हसू आलं. मार्चनंतर पहिल्यांदा.

रस्त्याच्या कडेला आणखी एक गंमत होती. बंद्या रुपयाएवढी गोल भोकं, एका ओळीत, शेजारी काही तरी फरपटत नेल्यासारखा पट्टा, शेतात थोडी आत जाऊन परत फिरलेली. हे कुठल्या जनावराचं काम, ते तिला कळेना. कुंपणासाठी कोणी तरी पहार टोचून बघितली असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

आता राइनहोल्डला तिच्या ओलीची एवढी उठाठेव का, तेही सांगायला हवं. ही जमीन थिओफिलची नव्हती आणि राइनहोल्डचीही नव्हती. दोघा भावांनी कसायला घेतलेली सगळी जमीन अमालिया आत्यांची. आत्याबाईंचं वय नव्वदच्या पुढे, पाठ वाकलेली आणि डोळे मात्र ससाण्याचे. सुगीच्या आभाराच्या रविवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, देवळातून निघालं की त्या गाडीत बसून आपली सगळी शेतं बघत. थिओफिलला पुरल्यावर त्यांनी टिलीचा हात धरून सांगितलं होतं, “पोरी, या शरदात तू पेर. आभाराच्या रविवारी मला गाडीतून हिरव्या ओळी दिसल्या तर जमीन तुझी, मी असेपर्यंत आणि नसल्यावरही. नाही दिसल्या तर राइनहोल्ड करील.”

जमीन गेली तर घरही गेलं, कारण घर जमिनीवरच होतं. घराच्या मागे सफरचंदाची तीन झाडं होती, ती थिओफिलनं लावली होती. टिलीला स्पोकॅनला बहिणीच्या खोलीत जाऊन राहायचं नव्हतं.

तिला पेरता येत होतं. ट्रॅक्टर तिनं वीस वर्षं चालवला होता. पण केव्हा पेरायचं हे थिओफिल ठरवायचा. तो मुठीत माती दाबायचा आणि म्हणायचा, “उद्या.” टिलीनंही मूठ दाबून बघितली. काळजीनं तिच्या तळव्यालाच एवढा घाम यायचा, की वाळवंटातली रेतीही ओली लागली असती. लवकर पेरलं आणि ओल नसली तर बी जळणार. पावसाची वाट बघितली आणि पाऊस उशिरा आला तर रविवारपर्यंत हिरवं काही दिसणार नाही. ज्याचा हात थिओफिलसारखा होता असा गावात एकच माणूस उरला होता. दोघांना एकाच बापानं शिकवलं होतं. आणि त्या माणसाला खरं सांगण्यात काडीचा रस नव्हता.

“मग न विचारताच विचारू,” टिली मनाशी म्हणाली.

सप्टेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी देवळाच्या स्वैपाकघरात बायका कोबी आणि मटण भरून पाव वळत होत्या. टिली मुद्दाम कॉर्डुलाच्या शेजारी उभी राहिली. कॉर्डुला म्हणजे राइनहोल्डची बायको. स्वभावानं गरीब, पण तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही.

“कसं चाललंय गं तुझं?” कॉर्डुलानं विचारलं.

“कसलं काय,” टिलीनं उसासा सोडला. “सपाटीवर ठीक आहे म्हणायचं. उत्तरेच्या चढावर काय आहे कुणास ठाऊक. हे नेहमी म्हणायचे, खरं काय ते उत्तरेचा चढ सांगतो. पण माझे गुडघे आता तेवढं चढू देत नाहीत.”

“अगंबाई,” कॉर्डुला म्हणाली, आणि घरी लवकर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिली उत्तरेचा चढ चढून गेली. गुडघ्यांना काही धाड भरली नव्हती. झिजलेली टाच कुंपणापासून सरळ वर आली होती. एका जागी खड्डा करून बुजवला होता. आणि खड्ड्याच्या कडेला राखेत दोन वाटोळे खळगे होते. गुडघे!

टिली खड्ड्याशी वाकली. कोरडं लागलं तर माणूस टाचेनं माती लोटतो आणि पुढे जातो. गुडघे टेकतो तो हातात काही तरी लागल्यावर. थिओफिल असाच टेकायचा. तिनं बुजवलेला खड्डा उकरला. मनगटाच्या जरा वर माती गडद झाली होती. पण तिचा स्वतःच्या हातावर अजून भरवसा बसेना.

म्हणून ती धान्याच्या कोठारावर कॉफीला गेली. तिथल्या कचेरीत रोज सकाळी पुरुषांचा अड्डा बसायचा. थिओफिलचा मग खिळ्याला तसाच होता, तो काढून तिनं कॉफी ओतून घेतली. कोठारवाला गॉटलिब जरा सरकला आणि तिला बाकावर जागा करून दिली.

“काय वहिनी, बर्फ वितळला का?” राइनहोल्ड म्हणाला. बाकीचे हसले.

“नाही हो भावजी. पेरू की थांबू, तेच कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.”

राइनहोल्डनं चेहरा लांब केला. “वहिनी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? राखेनं सगळं शोषून घेतलंय. सपाटीवर कोरडं, आणि उत्तरेच्या चढावर तर कोपरापर्यंत हात घाला, ठणठणीत. पावसाची वाट बघा. थिओफिलनंसुद्धा हेच केलं असतं.”

“कोपरापर्यंत?” टिलीनं डोळे मोठे केले.

“कोपरापर्यंत,” राइनहोल्ड म्हणाला, आणि त्यानं सद्‌गदित होऊन साखर ढवळली.

टिलीनं कॉफीचा मग धुतला, खिळ्याला लावला, सरळ घरी आली आणि पेरणीयंत्रात बी भरलं. ज्या माणसाला आपली जमीन हवी आहे तो जर इतक्या मायेनं थांबायला सांगतो, तर वाफसा आजचाच. याहून पक्कं प्रमाणपत्र तिला कोण देणार होतं?

त्या पठारावर कोणतंही काम लपून करता येत नाही. ट्रॅक्टर हलला की धुळीचा लोट उठतो, आणि दहा मैलांवरचा माणूस जागेवरून सांगतो की आज कोण काय करतंय. टिलीचा लोट तर पांढरा होता. दुपारच्या आत राइनहोल्डची गाडी बांधावर येऊन थांबली. तो हात हलवत धावत आला. टिलीनं ट्रॅक्टर थांबवला आणि तोंडावरचा रुमाल खाली केला.

“वहिनी, वेड लागलं का तुम्हाला? खाली ओल नाही म्हणून सांगितलं ना!”

“सांगितलंत खरं,” टिली म्हणाली. “पण घरी येताना मनात आलं, भावजी तर इथे कधी आले नाहीत. मग माझ्या चढावर कोपरापर्यंत कोरडं आहे, हे त्यांना समजलं कसं?”

राइनहोल्डनं टोपी मागे सारली.

“अंदाज,” तो म्हणाला.

“तेच म्हटलं मी. तुम्ही कशाला दुसऱ्याच्या पडीत पाय टाकाल? आत्याबाईंनी त्याच्या नुसत्या संशयावरून सख्ख्या भावाला जमिनीवरून हाकललं होतं.” तिनं रुमाल वर ओढला. “सरका जरा, धूळ बसेल अंगावर.”

यंत्राचे फाळ राख दोन्हीकडे लोटत गेले आणि बी बरोबर ओलीत जाऊन पडलं. टिलीला त्या रात्री छान झोप लागली. गोष्ट इथेच संपली असती, पण मग पाऊस आला.

पाऊस कसला, भुरभुर. बी अजून वर आलं नव्हतं तोच ती पडली आणि लगेच कडक ऊन पडलं. झालं! वरंब्यावरची राख ओघळून ओळींत उतरली आणि वाळून तिची पापडी धरली. टिलीनं नखानं टोचून बघितलं तर नख मोडलं. पापडीखाली कोंब होते, चांगले सशक्त. वर यायला वाट नाही म्हणून वाकडे होऊन आडवे चालले होते. आणखी दोन-तीन दिवसांत सगळे आतच मेले असते.

पापडी फोडायला काटेचाकं लागतात. लोखंडी काट्यांची चाकं जमिनीवरून लोळत जातात, वरचं कवच फोडतात आणि कोंबाला धक्का लावत नाहीत. क्रोनटालमध्ये ती एकाच माणसाकडे होती. आणि त्याच्या शेतातही राख नांगरलेल्या मातीनं पापडी धरली होती, म्हणजे उद्या सकाळी तो ती स्वतःच्या शेतात घालणार, हे उघड होतं. भीक मागितली तरी तो म्हणणार, “देतो की वहिनी, माझं आटोपलं की.” आटोपेपर्यंत रविवार यायचा.

टिली शेतात खाली बसली आणि थोडी रडली. रडून झाल्यावर नाक पुसायला मान वळवली, तर शेजारी तिला एक हात दिसला.

राखेत उमटलेला उजवा हात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग रिकामी जागा, मग करंगळी. राइनहोल्डचं अनामिकेचं बोट धान्य वर चढवायच्या यंत्रानं खाल्लं होतं, ही गोष्ट अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होती. गडी पावसानंतर परत आला होता! बी रुजलं की नाही हे बघायला ओल्या राखेत हात टेकून वाकला होता, आणि मग ऊन पडलं होतं. आता तो हात ओतून काढल्यासारखा कडक झाला होता. टिली उठली. पुढच्या ओळीत आणखी एक हात. खालच्या घळीत गुडघ्यांसकट. पवनचक्कीपाशी तर दोन. सगळं शेत त्यानं उकरून बघितलं होतं.

टिलीनं एक हात पापडीसकट फावड्यानं अलगद उचलला, कापडात गुंडाळला आणि राइनहोल्डच्या दारात जाऊन उभी राहिली. तो काटेचाकं ट्रॅक्टरला जोडत होता.

“भावजी, एक गंमत दाखवू?” तिनं कापड उघडलं.

राइनहोल्डनं बघितलं. मग आपला हात खिशात घातला.

“शेतभर आहेत हो,” टिली कौतुकानं म्हणाली. “मी मोजायचं सोडून दिलं. आत्याबाईंना या वयात चालायचा किती नाद आहे, तुम्हाला माहीतच आहे. रविवारी गाडीतून उतरल्या की म्हणतील, बाई, हा कुणाचा हात? मी काय सांगू? मी बायकामाणूस, मला काय कळतंय.”

राइनहोल्डचा चेहरा हळूहळू चुकंदरासारखा झाला. आत्याबाईंनी हात बघितला तर टिलीची जमीन मिळणं दूरच, स्वतः कसत असलेली जमीनही जायची. ते हात पुसायचे तर शेतभर काटेचाकं फिरवायला हवीत. आणि काटेचाकं फिरवली की टिलीचा गहू वर येणार. तो काही खुळा नव्हता. त्याला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि दिसत असताना त्याच्या तोंडाकडे बघणं हे टिलीच्या त्या वर्षातलं सगळ्यात मोठं सुख होतं.

“वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “तुमच्या शेतानं पापडी धरली असेल ना?”

“धरलीय थोडी.”

“मग मी... म्हणजे तुम्ही एकट्या... मीच येतो ना चाकं घेऊन.”

“छे छे, तुमचं शेत आधी. मी थांबेन.”

“थांबू नका!” राइनहोल्ड ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “घरच्या माणसाला मदत करायची नाही तर कुणाला?”

त्यानं दोन दिवस टिलीचं शेत पिंजून काढलं. एक कोपरा सोडला नाही. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. पाद्र्यांनी तर प्रवचनात नाव न घेता बंधुप्रेमाचा उल्लेख केला. टिली दुपारी बांधावर कोबीचे पाव घेऊन जायची आणि म्हणायची, “भावजी, त्या घळीत एक राहिलाय.”

आभाराच्या रविवारी गाडी राइनहोल्डच चालवत होता. पुढे त्याच्या शेजारी आत्याबाई, मागे टिली आणि कॉर्डुला. वळण घेतलं आणि टिलीचं शेत आलं. पांढऱ्या राखेतून हिरव्या ओळी टेकडीवर चढत गेल्या होत्या, पलीकडे उतरत होत्या, आणि एकही ओळ तुटलेली नव्हती. टिलीला एकदम थिओफिलची इतकी आठवण आली की तिनं कॉर्डुलाचा हात घट्ट धरला.

“थांबव,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या उतरल्या, लांब झग्याचा घोळ राखेत फरपटवत, काठी टेकत रस्त्याच्या कडेला गेल्या. तिथे काटेचाकं पोचली नव्हती. ती गोल भोकं तशीच होती, आता कडक झालेली. आत्याबाईंनी सहज काठी टेकली. काठीचं टोक एका भोकात अगदी बरोबर जाऊन बसलं.

टिलीनं बघितलं. राइनहोल्डनंही बघितलं.

“बघता काय?” आत्याबाई म्हणाल्या. “माझी जमीन आहे. ऑगस्टात गॉटलिबला गाडी घेऊन आणलं होतं, हात घालून गेले. ओल मनगटाशी होती. म्हटलं, पोरगी पेरते का घाबरून बसते, बघू. मग परत आले, तर उत्तरेच्या चढावर कुणाचे तरी गुडघे. गॉटलिबनं दुर्बीण दिली मला. आणि कोठारावर हा पावसाची वाट बघा म्हणाला, तेही त्यानंच सांगितलं.”

“आत्या,” राइनहोल्ड पुटपुटला, “म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?”

“सगळं माहीत होतं. या रविवारी तुला काढूनच टाकणार होते. पण तू स्वतःचं शेत सोडून हिची पापडी फोडलीस म्हणून कळलं, तेव्हा म्हटलं, असू दे. थोडी तरी लाज आहे.” त्यांनी काठी भोकातून उपसली. “टिली, जमीन तुझी. चला, आता याचं शेत बघू.”

राइनहोल्डचं शेत उघडंबोडकं होतं. काटेचाकं तिथे पोचली तोवर कोंब आतल्या आत मेले होते. नुसती तपकिरी माती पसरली होती, मऊ, सपाट, तिच्यावर ना पाऊल ना फराटा. कॉर्डुला डोळे पुसत होती. राइनहोल्ड स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला, आणि टिलीला त्याची, तिच्या मनाविरुद्ध, कीव आली.

“माझ्याकडे बी उरलंय, भावजी,” ती म्हणाली. “उद्या यंत्र घेऊन येते. ओल वीतभर खाली आहे, अजून पेरता येईल.”

“देव तुमचं भलं करो, वहिनी,” राइनहोल्ड म्हणाला. मग त्यानं आरशातून मागे बघितलं. “पण वीतभर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?”

टिलीनं आपले बूट सीटखाली ओढून घेतले. पुढच्या सीटवर अमालिया आत्या हसायला लागल्या, त्या घर येईपर्यंत थांबल्या नाहीत.